मातीतल्या जिवाणूंची पॉलिसॅकराइड तोडणारी एन्झाइम्स: शोधण्यापासून गुणधर्म तपासण्यापर्यंत

हे काम हाती घेणारे बरेच जण आधी माती गोळा करतात आणि मग कुठलं एन्झाइम शोधायचं ते ठरवतात. क्रम उलटा हवा. प्लेटमध्ये जो सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्याला तोडतं तो पदार्थ; इथे एखादा पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या घटकांची लांब साखळी) घालाल, त्याला तोडणाराच जिवाणू दिसेल. नंतर मोजणीसाठी दुसराच सब्स्ट्रेट वापरलात, तर प्लेटवर दिसलेलं आणि नळीत मोजलेलं एकच एन्झाइम आहे याची खात्री राहत नाही. म्हणून पहिला निर्णय सब्स्ट्रेटचा.

सेल्युलोजमध्ये ग्लुकोजचे घटक बीटा-१,४ बंधांनी सरळ साखळीत जोडलेले असतात आणि अनेक साखळ्या घट्ट बिलगून स्फटिकासारखी रचना होते. स्टार्चमध्येही ग्लुकोजच असतो, पण बंध अल्फा-१,४ आणि फांद्यांपाशी अल्फा-१,६. झायलानचा कणा झायलोजचा, पेक्टिनचा मुख्यतः गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाचा, कायटिनचा एन-अॅसिटिलग्लुकोसामाइनचा. अमायलेज सर्वांत सोपं: स्टार्च सहज मिळतो, आयोडीनची चाचणी काही सेकंदांत होते आणि मातीतले बॅसिलस ते सढळ हाताने बाहेर टाकतात. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने अमायलेज किंवा झायलनेज घ्यावं, असं माझं मत. सेल्युलेज ऐकायला भारदस्त वाटतं, पण त्यात एक फसवणूक दडलेली आहे.

ती फसवणूक म्हणजे सीएमसी, अर्थात कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज. सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्यावर रासायनिक गट चढवून तो विरघळणारा केला जातो. सीएमसीच्या प्लेटवर कॉलनीभोवती सब्स्ट्रेट तुटल्याचं वलय दिसलं तर जिवाणू साखळी मधूनच तोडणारं एन्झाइम, म्हणजे एंडोग्लुकनेज, बनवतो एवढंच कळतं. खऱ्या सेल्युलोजच्या पूर्ण विघटनाला टोकाकडून तुकडे काढणारी एक्सोग्लुकनेज आणि शेवटी सेलोबायोजचा (दोन ग्लुकोजच्या जोडीचा) ग्लुकोज करणारं बीटा-ग्लुकोसायडेज यांचीही साथ लागते. सीएमसीवर चमकणारे कितीतरी जिवाणू फिल्टर पेपरच्या, म्हणजे न विरघळणाऱ्या सेल्युलोजच्या, पट्टीपुढे हात टेकतात. तुम्ही फक्त सीएमसीवर मोजणार असाल तर अहवालात ‘सेल्युलेज’ असं मोघम न लिहिता ‘एंडोग्लुकनेज’ किंवा ‘सीएमसीएज’ लिहा.

माती घेणं आणि पेरणी

जिथे तो पॉलिसॅकराइड कुजतो तिथली माती घ्या. सेल्युलेज आणि झायलनेजसाठी कुजणाऱ्या पालापाचोळ्याखालची किंवा कंपोस्टची, कायटिनेजसाठी कोळंबी-खेकड्याची कवचं पडतात तिथली. वरचा कोरडा थर बाजूला करून साधारण ५ ते १५ सेंमी खोलीवरून निर्जंतुक चमच्याने नमुना काढा, बंद पिशवीत घाला, ४ °से. तापमानाला ठेवा आणि एक-दोन दिवसांत कामाला घ्या. मातीचा पीएच आणि तापमान तेव्हाच लिहून ठेवा. नंतर एन्झाइमचा पीएच-आलेख समोर आला की या नोंदीची आठवण होतेच.

१० ग्रॅम माती ९० मिलि निर्जंतुक ०.८५% मिठाच्या पाण्यात घालून अर्धा तास हलवा. जड कण खाली बसू द्या आणि वरच्या द्रवाचे दहा-दहा पटींनी विरलन करा. हजारपट ते दहा लाखपट विरलनांतला प्रत्येकी ०.१ मिलि भाग प्लेटवर पसरला की बहुतेक वेळा सुट्या कॉलनी मिळतात. फक्त बॅसिलससारखे बीजाणू करणारे हवे असतील तर पेरण्याआधी विरलन ८० °से.ला १० मिनिटं तापवा. बाकीचे बहुतांश मरतात. स्ट्रेप्टोमायसिस हवे असतील तर माती काही दिवस सावलीत वाळवून घ्या, कारण त्यांचे बीजाणू कोरडेपणा सोसतात. बुरशीने प्लेट व्यापू नये म्हणून माध्यमात सायक्लोहेक्सिमाइड मिलिलीटरला ५० मायक्रोग्रॅम घालतात. ते माणसालाही विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळा.

दुसरा मार्ग संवर्धनाचा: फक्त क्षार आणि कार्बनचा एकमेव स्रोत म्हणून फिल्टर पेपरची पट्टी असलेल्या ५० मिलि माध्यमात १ ग्रॅम माती घालून एक-दोन आठवडे ठेवायची. द्रवाच्या पृष्ठभागाशी पट्टी झिजून तुटली तर आत खरा सेल्युलोज खाणारे आहेत. या मार्गाने भरभर वाढणारे मोजकेच जिवाणू पुढे येतात आणि मंद वाढणारे मागे पडतात. म्हणून थेट पेरणी आणि संवर्धन दोन्ही समांतर करावं.

मातीत रोगकारक जिवाणूही असतात, आणि बॅसिलस सेरियसच्या गटातले तर वरच्या ८० अंशांच्या युक्तीने हमखास निवडले जातात. अनोळखी कॉलनीचा वास घेऊ नका, प्लेटा सील करा, काम संपल्यावर सगळं ऑटोक्लेव्ह करा.

प्लेटवरची निवड

मूळ माध्यम साधं ठेवा. एक लिटरला डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १ ग्रॅम, अमोनियम सल्फेट १ ग्रॅम, मीठ ०.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.५ ग्रॅम, अगर १५ ग्रॅम आणि निवडलेला सब्स्ट्रेट ५ ते १० ग्रॅम, पीएच ७. यात ग्लुकोज घालू नका. ग्लुकोज मिळत असेल तर जिवाणू पॉलिसॅकराइडची एन्झाइम्स बनवायचं थांबवतात. याला कॅटाबोलाइट रिप्रेशन म्हणतात, आणि बॅसिलसमध्ये सीसीपीए नावाचं प्रोटीन ही लगाम धरून असतं. यीस्ट एक्स्ट्रॅक्टसुद्धा जास्त झालं तर सब्स्ट्रेटला हात न लावताही कॉलनी फोफावतात.

सब्स्ट्रेट विरघळवण्यात बराच वेळ वाया जातो. सीएमसी एकदम ओतली की गुठळ्या होतात आणि त्या तासभर फुटत नाहीत. चुंबकी ढवळणीवर फिरणाऱ्या गरम पाण्यात चिमटी-चिमटीने भुरभुरा. स्टार्च आधी थोड्या गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात ओता. कायटिनची पावडर तशीच वापरून उपयोग नसतो, तिचं कोलॉइड करावं लागतं. धूर ओढून घेणाऱ्या हूडमध्ये, थंड ठेवलेल्या सांद्र हायड्रोक्लोरिक आम्लात १० ग्रॅमला साधारण १०० मिलि या प्रमाणात पावडर ढवळत ठेवायची, दाट द्रव झाला की भरपूर बर्फाच्या पाण्यात ओतून साका पाडायचा आणि पीएच ५ च्या वर जाईपर्यंत धुवायचा. थोडा साका वाळवून कोरडं वजन काढून ठेवा, नाहीतर माध्यमात किती टक्के कायटिन घातलं हे सांगता येणार नाही.

३० किंवा ३७ °से.ला दोन ते चार दिवस वाढवून मग रंग द्यायचा. रंग देण्याआधी प्रत्येक कॉलनीची प्रत दुसऱ्या प्लेटवर काढा. आयोडीन आणि काँगो रेड ओतल्यावर मूळ कॉलनी हाती लागेलच असं नाही.

स्टार्चवर आयोडीनचं द्रावण ओता: पार्श्वभूमी निळी-काळी, एन्झाइमच्या जागी पारदर्शक वलय. रंग लवकर फिका पडतो, म्हणून फोटो लगेच काढा. सीएमसी आणि झायलानवर ०.१% काँगो रेड १५ मिनिटं ठेवा, ओतून टाका आणि १ मोलर मिठाच्या द्रावणाने १५ मिनिटांचे एक-दोन हात द्या. लाल पार्श्वभूमीवर फिकट पिवळं वलय उठतं. वलय अंधुक असेल तर शेवटी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओता, रंग निळा-जांभळा होतो आणि कडा स्पष्ट होतात. काँगो रेड बेंझिडीनपासून बनतो आणि कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. धुतलेलं पाणी बेसिनमध्ये सोडू नका. पेक्टिनसाठी १% सीटॅब ओततात, न तुटलेलं पेक्टिन पांढरं साकळतं. कोलॉइडल कायटिनची प्लेट आधीच दुधी असते, तिथे रंगाचीही गरज नाही.

वलयाचा व्यास भागिले कॉलनीचा व्यास हा निर्देशांक सगळे काढतात. तो गाळणीसारखा वापरा, यापेक्षा जास्त वजन त्याला देऊ नका. वलयाचा आकार एन्झाइम अगरमधून किती पसरतं यावरही ठरतो. लहान प्रोटीन दूर जातं, सब्स्ट्रेटला चिकटून राहणारं मोठं प्रोटीन जवळच थांबतं. वरचे आठ-दहा जिवाणू निवडा आणि द्रव माध्यमात मोजा. क्रम बदललेला दिसला तर आश्चर्य वाटायला नको.

निवडलेले जिवाणू किमान तीनदा रेघाटून शुद्ध करा आणि लगेच २०% ग्लिसरॉलमध्ये −८० °से.ला साठवा. वारंवार नव्या प्लेटवर नेत राहिलं तर एन्झाइम बनवण्याची क्षमता हळूहळू घटू शकते. प्रत्येक मोठा प्रयोग साठ्यातल्या नळीपासून सुरू करा. ओळख पटवण्यासाठी १६एस आरआरएनएचं जनुक २७एफ आणि १४९२आर या प्रायमरांनी वाढवून क्रम काढतात. माहीत असलेल्या प्रजातींशी ९८.७% पेक्षा कमी साम्य असेल तर नवी प्रजाती असण्याची शक्यता धरतात, पण जास्त साम्य असलं म्हणजे प्रजाती ठरलीच असं नाही. बॅसिलस सबटिलिसच्या गटात अनेक प्रजातींचा हा क्रम जवळजवळ सारखाच असतो. तिथे जायरबी जनुकाचा क्रम जोडीला घ्यावा.

एन्झाइमचं उत्पादन

रात्रभर वाढवलेल्या बीजद्रवाचा १ ते २% भाग २५० मिलिच्या फ्लास्कमधल्या ५० मिलि माध्यमात घाला. फ्लास्क याहून जास्त भरला की हवा कमी पडते आणि दोन प्रयोगांची तुलना बिघडते. १५० ते १८० फेरे दर मिनिटाला, ३० ते ३७ °से. दर सहा किंवा बारा तासांनी नमुना काढून वाढ, पीएच आणि एन्झाइमची क्रिया तिन्ही मोजा. बॅसिलसमध्ये क्रिया बहुतेकदा वाढीचा वेग मंदावतो तेव्हा चढते आणि नंतर उतरते, कारण त्याच सुमारास त्याचे प्रोटिएज (प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स) बाहेर येऊन तुमचं एन्झाइम कुरतडू लागतात. शिखर कधी येतं हे माहीत नसताना फक्त ४८ तासांचा एक नमुना घेऊन ‘उत्पादन कमी आहे’ असा निष्कर्ष काढू नये.

माध्यमात गव्हाचा कोंडा किंवा सेल्युलोज पावडर असेल तर गढूळपणावरून वाढ कळत नाही. तिथे प्लेटवर मोजणी किंवा पेशींतलं प्रोटीन हाच मार्ग. कोंडा स्वस्त आणि उत्तम प्रेरक आहे, त्यात झायलान आणि स्टार्च दोन्ही असतात. मात्र त्यातून साखरही सुटते, आणि ती पुढे मोजणीत त्रास देते.

कार्बन, नायट्रोजन, पीएच, तापमान असे घटक एकेक करून बदलणं ही रुळलेली पद्धत. घटक एकमेकांवर परिणाम करत असतील तर ती चुकीच्या शिखरावर नेते. घटक पाचाहून जास्त असतील तर आधी प्लॅकेट-बर्मन या संख्याशास्त्रीय आराखड्याने महत्त्वाचे दोन-तीन वेगळे काढा आणि मग त्यांच्यावर बॉक्स-बेंकनसारखा आराखडा लावा.

नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये ४ °से.ला १०,००० जी वर १० मिनिटं फिरवा. वरचा स्वच्छ द्रव हे तुमचं कच्चं एन्झाइम. खालचा गाळ लगेच फेकू नका. अनेक जिवाणूंमध्ये बीटा-ग्लुकोसायडेज पेशीच्या आत किंवा भिंतीला चिकटून असतं. एकदा तरी पेशी सोनिकेटरने फोडून तिथली क्रिया तपासा.

मोजणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सुटलेली साखर मोजायची डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) पद्धत १९५९ साली मिलर यांनी सुधारून मांडली आणि अजूनही ती सर्रास चालते. पॉलिसॅकराइडची साखळी तुटली की प्रत्येक तुटलेल्या जागी एक नवं क्षपणकारी टोक (दुसऱ्या रेणूला इलेक्ट्रॉन देऊ शकणारं) तयार होतं. अल्कलीमध्ये उकळताना ते पिवळ्या डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाला तांबूस करतं आणि हा रंग ५४० नॅनोमीटरला मोजतात.

१. द्रावण: डीएनएस १%, सोडियम हायड्रॉक्साइड १%, फिनॉल ०.२%, सोडियम सल्फाइट ०.०५%. सल्फाइट टिकत नाही, म्हणून ते वापरायच्या दिवशी घाला. द्रावण गडद बाटलीत ठेवा.

२. ०.५ मिलि १% सब्स्ट्रेट योग्य बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) घेऊन ठरलेल्या तापमानाला ५ मिनिटं ठेवा. एन्झाइमही वेगळं तेवढंच कोमट करा.

३. ०.५ मिलि एन्झाइम घाला आणि घड्याळ लावा. झायलनेज किंवा अमायलेजला ५ ते १० मिनिटं, सीएमसीएजला ३० मिनिटं हा साधारण अंदाज.

४. वेळ होताच १ मिलि डीएनएस घाला. अल्कलीमुळे क्रिया तिथेच थांबते. ५ मिनिटं जोरात उकळत्या पाण्यात ठेवा.

५. बाहेर काढताच ४०% रोशेल सॉल्टचं ०.३३ मिलि द्रावण घाला, म्हणजे रंग टिकतो. गार झाल्यावर वाचन घ्या.

प्रत्येक वाचनासोबत दोन ब्लँक (वजा करायच्या तुलनेच्या नळ्या) हवेत. पहिल्यात एन्झाइम आहे पण सब्स्ट्रेट डीएनएसनंतर घातला. दुसऱ्यात सब्स्ट्रेट आहे आणि एन्झाइमच्या जागी बफर. पहिला ब्लँक माध्यमातून आलेली साखर पकडतो, दुसरा सब्स्ट्रेटची स्वतःची क्षपणकारी टोकं. कोंड्याच्या माध्यमात पहिल्या ब्लँकचा रंग इतका गडद येऊ शकतो की खरी क्रिया त्यात बुडून जाते. तसं झालं तर मोजण्याआधी डीसॉल्टिंग कॉलममधून साखर काढून टाका. उकळून मारलेलं एन्झाइम ब्लँक म्हणून वापरणाऱ्यांनी आधी पाच मिनिटांत ते खरंच मरतं का ते पाहावं; उष्णता सोसणारे अमायलेज मरत नाहीत.

प्रमाणरेषा (साखरेच्या माहीत प्रमाणांविरुद्ध रंगाचा आलेख) त्याच साखरेची, जी सुटते: सेल्युलेजला ग्लुकोज, झायलनेजला झायलोज, अमायलेजला माल्टोज, पेक्टिनेजला गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल. आणि ती त्याच बफरमध्ये, त्याच दिवशी, त्याच उकळत्या भांड्यात काढा. डीएनएसचा रंग फार कमी साखरेला जवळपास येतच नाही, त्यामुळे रेषा शून्यातून जात नसेल तर ती ओढून-ताणून शून्यातून नेऊ नका.

एक उदाहरण. एन्झाइम दहापट विरल केलं, त्यातलं ०.५ मिलि घेतलं, ३० मिनिटांत ०.३६ मिलिग्रॅम ग्लुकोज सुटला. ग्लुकोजचा रेणुभार १८०, म्हणजे २ मायक्रोमोल. भागिले ३० मिनिटं, भागिले ०.५ मिलि, गुणिले १०: उत्तर १.३३ युनिट प्रति मिलि. एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल क्षपणकारी साखर सोडणारं एन्झाइम. नळीत ५ मिलिग्रॅम सब्स्ट्रेट होता आणि सुमारे ७% तुटला. १०% च्या आत असल्याने आकडा वापरण्याजोगा आहे. त्याहून जास्त तुटत असेल तर एन्झाइम आणखी विरल करा. दोन वेगवेगळ्या विरलनांतून एकच उत्तर आलं पाहिजे, आणि वेळ दुप्पट केल्यावर साखरही दुप्पट. ही छोटी तपासणी न करता पुढे गेलात तर नंतरचे सगळे आलेख भुसभुशीत पायावर उभे राहतात.

डीएनएसची आणखी एक खोड: त्याच संख्येच्या टोकांना लांब तुकड्यांत तो एकेरी साखरेपेक्षा जास्त रंग देतो. त्यामुळे झायलनेज आणि एंडोग्लुकनेजचे आकडे नेल्सन-सोमोगी या साखर मोजायच्या दुसऱ्या पद्धतीपेक्षा कितीतरी फुगलेले दिसतात. एकाच प्रयोगात तुलना करायला हरकत नाही, पण दुसऱ्या पद्धतीने काढलेल्या आकड्याशी आपला आकडा भिडवू नये.

फिल्टर पेपरवरची क्रिया मोजायची असेल तर पद्धत ठरलेली आहे: व्हॉटमन क्रमांक १ ची १ बाय ६ सेंमी पट्टी, साधारण ५० मिलिग्रॅमची, पीएच ४.८ चा सिट्रेट बफर, ५० °से., एक तास. बरोबर २ मिलिग्रॅम ग्लुकोज सोडणारं विरलन शोधायचं आणि ०.३७ ला त्या विरलनातल्या एन्झाइमच्या प्रमाणाने भागायचं. जिवाणूंची बरीच एन्झाइम्स या पातळीपर्यंत पोचतच नाहीत. मग दोन वाचनांवरून पुढचा अंदाज बांधून ‘एफपीयू’ (फिल्टर पेपर युनिट) लिहू नका. एका तासात किती मिलिग्रॅम सुटला तेच सांगा. शिवाय ही पद्धत बुरशीच्या आम्लप्रेमी एन्झाइम्ससाठी बेतलेली आहे. तुमचं एन्झाइम पीएच ७ चं असेल तर ४.८ वर मोजून त्याच्यावर अन्यायच होतो.

पेक्टिनच्या बाबतीत वेगळी अडचण असते. बॅसिलस बहुधा पेक्टेट लायेज बनवतात. ते पाण्याविना बंध तोडतं, त्याला कॅल्शियम आणि पीएच ८ ते १० लागतो, आणि त्याच्या उत्पादनात दुहेरी बंध तयार होतो. तो २३५ नॅनोमीटरला थेट दिसतो, मात्र क्युव्हेट क्वार्ट्झची हवी. पेक्टिन स्वतः गरम अल्कलीत आपोआप तुटतं, म्हणून एन्झाइमविना ब्लँक इथे विशेष जपा.

शुद्धीकरण

प्रोटीन ब्रॅडफर्डच्या रंगपद्धतीने मोजा, ५९५ नॅनोमीटर, बीएसए या प्रमाण प्रोटीनची प्रमाणरेषा. मग प्रोटीन साकळवायला अमोनियम सल्फेट: ४ °से.च्या आसपास ८०% संपृक्ततेसाठी लिटरला सुमारे ५१६ ग्रॅम लागतं, आणि २५ °से.ला तेच ५६१ ग्रॅम. थोडं-थोडं, हळू ढवळत घाला. फेस आला की प्रोटीन बिघडतं. आधी २०, ४०, ६०, ८० टक्क्यांना छोट्या नमुन्यावर पाहा आणि एन्झाइम कुठे साकळतं ते ठरवा.

आता येते ती गोष्ट जी पाठ्यपुस्तकातल्या कृतीत सहसा नसते. नंतर हा क्षार काढायला डायलिसिस करतात, आणि त्याची नेहमीची नळी पुनर्जनित सेल्युलोजची असते. तीत सेल्युलेज भरून रात्रभर ठेवलं तर ते नळीच खायला लागतं. सकाळी नमुना बादलीत पसरलेला मिळू शकतो. पॉलिइथरसल्फोनचा १० किलोडाल्टनचा अल्ट्राफिल्टर वापरा. हाच विचार कॉलमलाही लावा: सेफाडेक्स डेक्स्ट्रानचा असतो, सेफारोज अगारोजचा. अगरेज शोधणाऱ्याने सेफारोजवर ते चढवलं तर कॉलमच सब्स्ट्रेट होतो. काही अमायलेज डेक्स्ट्रानच्या जेलला अडकून उशिरा उतरतात आणि आहेत त्यापेक्षा लहान भासतात. ज्या सेल्युलेजना सेल्युलोजला चिकटणारा स्वतंत्र भाग असतो ती सेल्युलोजच्या गाळणीतही हरवतात. गाळल्यानंतर क्रिया एकाएकी घसरली तर पहिला संशय गाळणीवर घ्या. हीच सवय उलटीकडून कामाला येते: स्फटिकी सेल्युलोज किंवा कोलॉइडल कायटिनच्या चोथ्यात एन्झाइम चिकटवून, धुवून, बफर बदलून पुन्हा सोडवता येतं.

पुढे पीएच ८ वर डीईएई आयन-विनिमय (विद्युतभारावरून प्रोटीन वेगळी करणारा कॉलम), ० ते ०.५ मोलर मिठाची चढण, आणि शेवटी जेल गाळण (आकारावरून). प्रत्येक टप्प्याला आकारमान, एकूण क्रिया, एकूण प्रोटीन, विशिष्ट क्रिया, टक्के उतारा आणि शुद्धतेची पट हे सगळं एका तक्त्यात भरत जा. एखाद्या टप्प्यानंतर एकूण क्रिया १०० टक्क्यांच्या वर गेली तर बहुधा एखादा रोधक निघून गेलेला असतो किंवा मोजणीत चूक असते. दोन्ही शक्यता तपासा.

एसडीएस जेलवर (प्रोटीन रेणुभारावरून वेगळी करणाऱ्या) एक पट्टा दिसणं पुरेसं नाही, तोच पट्टा काम करतो हे दाखवावं लागतं. त्यासाठी झायमोग्राम: जेल ओततानाच त्यात ०.१% सीएमसी किंवा झायलान मिसळा, नमुना न उकळता आणि मर्काप्टोइथेनॉलविना चढवा, चालवून झाल्यावर २.५% ट्रायटन एक्स-१०० मध्ये दोनदा धुवून एसडीएस काढा, बफरमध्ये ठेवा आणि काँगो रेड द्या. सब्स्ट्रेटमुळे प्रोटीन जेलमध्ये मंद सरकतं, तेव्हा रेणुभार झायमोग्रामवरून काढू नका. शेजारी साधं जेल चालवा. आणि पॉलिमर होण्याआधीचं अॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला विषारी असतं हे विसरू नका.

गुणधर्म

पीएचसाठी एकच बफर सगळीकडे पुरत नाही: ३ ते ६ सिट्रेट, ६ ते ८ फॉस्फेट, ८ ते ९ ट्रिस, त्यापुढे ग्लायसिन-सोडियम हायड्रॉक्साइड. जिथे दोन बफर भेटतात त्या पीएचला दोन्हींत मोजा. आकडे वेगळे आले तर तो पीएचचा नव्हे, बफरमधल्या आयनांचा परिणाम आहे. ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०३ ने उतरतो, २५ °से.ला ८.५ केलेलं ट्रिस ६० °से.ला साडेसातच्या आसपास येतं.

‘इष्टतम तापमान ६० °से.’ असं वाक्य वेळेविना अपुरं आहे. १० मिनिटांच्या चाचणीत ६० ला शिखर दाखवणारं एन्झाइम एका तासाच्या चाचणीत ५० ला दाखवतं, कारण वाढता वेग आणि वाढता मृत्यू यांची ती बेरीज असते. टिकाऊपणा वेगळा मोजा: सब्स्ट्रेटविना एन्झाइम ५०, ६०, ७० °से.ला ठेवायचं, ठराविक वेळाने नमुना बर्फात टाकायचा आणि नेहमीच्या तापमानाला उरलेली क्रिया मोजायची. उरलेल्या क्रियेचा नैसर्गिक लॉगॅरिदम वेळेविरुद्ध काढला की उतारावरून के (क्रिया घटण्याचा दर) मिळतो, ०.६९३ भागिले के म्हणजे अर्धायुष्य. रेषा मध्येच वाकली तर नमुन्यात दोन एन्झाइम्स असण्याची शक्यता मोठी.

धातूंच्या आयनांसाठी १ आणि ५ मिलिमोलर ही प्रमाणं चालतात. फॉस्फेटमध्ये कॅल्शियम साकळतं, म्हणून मॉप्स किंवा हेपेस बफर घ्या. आधी ईडीटीएने (धातू पकडून ठेवणाऱ्या रसायनाने) धुतलेलं एन्झाइम वापरलं तरच कॅल्शियमचा खरा परिणाम दिसतो. अनेक अल्फा-अमायलेज त्याच्याशिवाय लवकर ढासळतात. प्रत्येक धातू नुसत्या ग्लुकोजच्या द्रावणातही घालून पाहा, कारण काही धातू डीएनएसच्या रंगातच ढवळाढवळ करतात.

गतिकीसाठी सब्स्ट्रेट ०.५ ते १० मिलिग्रॅम प्रति मिलि अशा सहा-आठ प्रमाणांत घ्या आणि सुरुवातीचा वेग मोजा. केएम (कमाल वेगाच्या निम्मा वेग देणारं सब्स्ट्रेटचं प्रमाण) मिलिग्रॅम प्रति मिलि मध्ये सांगा; वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांना मोलर लावण्यात अर्थ नाही. लाइनविव्हर-बर्क रेषा (वेग आणि प्रमाण यांचे व्यस्त घेऊन काढलेली) लहान वेगांतली चूक फुगवते, संगणकावर थेट वक्र बसवा. न विरघळणाऱ्या सब्स्ट्रेटवर या वक्रामागचं मायकेलिस-मेंटेन समीकरण जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे पृष्ठभाग मर्यादित असतो.

तोडण्याची पद्धत कळायला दोन चाचण्या पुरतात. सीएमसीची चिकटाई झपाट्याने उतरली पण साखर थोडीच वाढली तर एन्झाइम मधून तोडतं. साखर वाढते आणि चिकटाई तशीच राहते तर टोकाकडून. स्टार्चला चिकटाईऐवजी आयोडीनचा निळा रंग ६२० नॅनोमीटरला पाहता येतो. उत्पादनं ब्युटेनॉल, अॅसिटिक आम्ल आणि पाणी २:१:१ या मिश्रणात सिलिका प्लेटवर चालवून पाहा, वेगवेगळ्या वेळांचे नमुने शेजारी-शेजारी. झायलोबायोज आणि झायलोट्रायोज साचत असेल आणि झायलोज दिसत नसेल, तर तुमच्याकडे एंडोझायलनेज आहे आणि सोबत बीटा-झायलोसायडेज नाही. स्फटिकी सब्स्ट्रेटवर हिशेब जुळत नसेल तर ऑक्सिडीकरणाने साखळी तोडणाऱ्या एलपीएमओ नावाच्या एन्झाइम्सचाही विचार करा. मातीतही आढळणाऱ्या सेराशिया मार्सेसेन्सच्या सीबीपी२१ या प्रोटीनवर २०१० साली ही क्रिया दाखवली गेली. एलपीएमओंना क्षपणकारक आणि ऑक्सिजन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं, आणि त्यांनी ऑक्सिडाइज केलेली टोकं डीएनएसला नीट दिसत नाहीत.

सोय असेल तर जिवाणूचा पूर्ण जीनोम काढून डीबीकॅन या अशी एन्झाइम्स ओळखणाऱ्या संगणकीय साधनातून चालवा. सीएझी या कार्बोहायड्रेटवर काम करणाऱ्या एन्झाइम्सच्या वर्गीकरणातली कुटुंबं समोर येतात: झायलनेज बहुधा जीएच१० किंवा जीएच११, अमायलेज जीएच१३, जिवाणूंचे कायटिनेज बहुतांशी जीएच१८. एकाच जिवाणूत अशी डझनावारी जनुकं निघतात, त्यामुळे तुम्ही शुद्ध केलेलं नेमकं कुठलं हे जीनोम सांगत नाही. झायमोग्रामवर उजळलेल्या पट्ट्याशी जुळणारा साध्या जेलमधला पट्टा कापा, ट्रिप्सिनने तुकडे करा आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर आलेली पेप्टाइड्स जीनोममधल्या प्रोटीनांशी ताडून पाहा. जुळलेल्या जनुकाचा सिग्नल पेप्टाइड (प्रोटीनला पेशीबाहेर पाठवून कापला जाणारा भाग) वजा करून येणारा रेणुभार जेलवरच्या रेणुभाराशी बसला, तर ते जनुक ई. कोलायमध्ये घालून तीच क्रिया पुन्हा मोजायला घ्या.